कडबा कुट्टीची पाती आणि सामायिक कार्यशाळेतील ग्राइंडर

देवणी हे गावाचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले ते येथील जनावरांमुळे. पांढऱ्या अंगाची व तोंडाच्या बाजूला काळी असणारी वानेरा, संपूर्ण पांढरी बालांक्या आणि अंगावर काळे ठिपके असणारी शेवेरा, अशा तीन प्रकारांत देवणी जनावरे ओळखली जातात. माळेगावच्या यात्रेत अशी जोडी दावणीला उभी राहिली की पाहणारा दोन मिनिटे थांबतोच. या जनावरांच्या चाऱ्यात रब्बी ज्वारीच्या कडब्याला मोठे स्थान आहे. लांब कडबा तसाच गव्हाणीत टाकला तर जनावर पाने खाते आणि जाड धांडे पायाखाली घालते. म्हणून आता बऱ्याच गोठ्यांत विजेवर चालणारे कडबा कुट्टी यंत्र आले आहे. यंत्र आले म्हणजे त्याची पाती आली, आणि पाती आली म्हणजे त्यांना धार लावणे आले.

पूर्वी फाळ शेवटणे, कुऱ्हाड-विळ्याला धार काढणे ही कामे गावचा लोहार बलुत्यावर करीत असे. आज हे काम गावातील वेल्डिंगच्या दुकानात, शेतकरी गटाच्या औजारे बँकेत किंवा उत्पादक कंपनीच्या शेडमध्ये ठेवलेल्या ग्राइंडरवर होते. ग्राइंडर एक आणि वापरणारे वीस, अशी बहुतेक ठिकाणची स्थिती असते. या लेखात अशा सामायिक ठिकाणी कडबा कुट्टीची पाती व इतर औजारे सुरक्षितपणे कशी पाजवावीत याची माहिती दिली आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. बोथट पाते हे धारदार पात्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. पात्याची धार गेली की यंत्र कडबा नीट ओढत नाही, धांडे चेचली जातात, मोटारीवर ताण येतो आणि पेंढी अडकली की माणूस ती हाताने रेटतो. हात रुळांत जातो तो बहुधा अशा वेळी. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार देशभर वाढले, तेव्हा केंद्र शासनाला १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा करावा लागला होता. कडबा कुट्टीचा धोकाही त्याच जातीचा आहे. तेव्हा वेळेवर धार लावणे हा हात वाचविण्याचाच एक उपाय आहे. मात्र तो ग्राइंडरवर करताना डोळा किंवा बोट जाऊ नये, इतकी काळजी घेतली पाहिजे.

सामायिक यंत्राचा खरा धोका

स्वतःच्या घरचा ग्राइंडर असेल तर काल त्यावर काय झाले हे आपल्याला ठाऊक असते. सामायिक ठिकाणी ते ठाऊक नसते. आपल्या आधी आलेल्याने चाकावर अॅल्युमिनियमचा तुकडा घासला असेल, चाक काढताना ते फरशीवर पडले असेल, मोठे काम बसत नाही म्हणून संरक्षक झाकण काढून ठेवले असेल. यांपैकी काहीही वरवर पाहून कळत नाही. फिरणारे चाक चांगलेच दिसते. म्हणून सामायिक ग्राइंडरवर बसताना, आधीच्या माणसाने काहीतरी बिघडवून ठेवले आहे असे धरूनच तपासणी करावी. यात कोणावर अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही.

गटाने एक साधे बंधन घालून घ्यावे. ग्राइंडरचे चाक बदलण्याचे काम एका ठराविक माणसाकडेच असावे, इतर कोणीही चाकाच्या नटाला पाना लावू नये. त्या माणसाजवळ एक वही असावी. चाक कोणत्या तारखेला बसविले, त्याचा आकार किती, ते कोणत्या वेगासाठी आहे एवढे त्यात लिहावे. चाक पडले, तडा दिसला, आवाज बदलला तर वापरणाऱ्याने ते वहीत नोंदवावे आणि यंत्राचे बटण बंद करून त्यावर पाटी लावावी. पडलेले चाक सांगितले तर पैसे भरावे लागतील, असा नियम काही ठिकाणी दिसतो. हा नियम चुकीचा आहे. त्यामुळे लोक चाक पडल्याचे लपवितात आणि तडा गेलेले चाक पुन्हा यंत्रावर चढते. चाकाची किंमत गटाने सोसावी.

दोन-तीन माणसांच्या अशा शेडला कारखान्याचे नियम सहसा लागू होत नाहीत. निरीक्षक येऊन तपासणी करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

चाकाची ओळख

ग्राइंडरचे चाक, ज्याला आपल्याकडे नुसते ‘दगड’ म्हणतात, तो अखंड दगड नसतो. कठीण पदार्थाचे बारीक दाणे चिकट द्रव्याने एकत्र बांधून ते भाजून तयार केलेले असते. त्यामुळे ते काचेच्या भांड्यासारखे ठिसूळ असते. लोखंडाइतके जड दिसते म्हणून ते लोखंडासारखे मजबूत आहे असे समजू नये.

चाकाच्या बाजूवर चिकटविलेला गोल कागद फाडून टाकू नये. त्यावर चाकाची सारी कुंडली असते. पहिले अक्षर ‘ए’ असेल तर दाणे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे आहेत, असे चाक पोलादासाठी वापरावे. ‘सी’ असेल तर ते सिलिकॉन कार्बाइडचे, ते बिडाच्या व अलोह धातूंच्या कामासाठी असते. हिरवे चाक कार्बाइडची टोके असलेल्या हत्यारांसाठी असते, ते आपल्या पात्यांना उपयोगाचे नाही. त्यापुढील आकडा दाण्याचा जाडेपणा दाखवितो. ३६ किंवा ४६ चे चाक भरभर कापते, ६० ते ८० चे चाक धार साफ करते. आकडा मोठा तितका दाणा बारीक. शेवटचे अक्षर ‘व्ही’ असेल तर चाक भाजलेल्या मातीच्या बंधाचे, ‘बी’ असेल तर राळेसारख्या बंधाचे असते. या सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे दर मिनिटाचे कमाल फेरे. हा आकडा यंत्राच्या पाटीवरील फेऱ्यांपेक्षा जास्तच असला पाहिजे.

हे का, ते हिशेबाने पाहू. २०० मि.मी. व्यासाचे चाक मिनिटाला २,८५० फेरे घेत असेल तर त्याची कड सेकंदाला सुमारे ३० मीटर वेगाने धावते. म्हणजे ताशी १०७ किलोमीटर. भाजलेल्या बंधाची साधी चाके बहुधा सेकंदाला ३५ मीटरपर्यंतच्या वेगासाठी बनविलेली असतात. म्हणून २०० मि.मी. च्या अशा चाकावर सुमारे ३,३४० फेऱ्यांची मर्यादा छापलेली दिसते. आता त्याच ग्राइंडरवर कोणी, मोठे चाक जास्त टिकेल म्हणून, २५० मि.मी. चे बसविले तर कडेचा वेग ३७ मीटरच्या वर जातो. यंत्र तेच, मोटार तीच, तरी चाक मर्यादेबाहेर गेले.

डिझेल इंजिनावर पट्टा टाकून ग्राइंडर चालविणाऱ्यांनी हा हिशेब विशेष काळजीने करावा. इंजिन १,५०० फेऱ्यांवर चालते, त्याची पुली २०० मि.मी. व ग्राइंडरची पुली १०० मि.मी. असेल तर चाकाला ३,००० फेरे मिळतात. ग्राइंडरवर १०० ऐवजी ७५ मि.मी. ची पुली हाताशी होती म्हणून बसविली की फेरे ४,००० होतात. चाकाला फाडणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फेरे दीडपटही झाले नाहीत, पण जोर मात्र पावणेदोन पटीवर गेला. अशा वेळी चाक फुटले तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटतात.

चाक वाजवून पाहणे

मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. चाकाचीही हीच परीक्षा आहे. चाक कोरडे व स्वच्छ करावे. लहान चाक मधल्या भोकात बोट घालून मोकळे लोंबते धरावे, जड असेल तर स्वच्छ, कठीण फरशीवर उभे करावे. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने, कडेपासून दोन बोटे आत, उभ्या रेषेच्या दोन्ही अंगांना तिरक्या जागी हलकेच ठोकावे. मग चाक थोडे फिरवून पुन्हा ठोकावे. चांगले चाक खणखणीत वाजते. तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. राळेच्या बंधाच्या चाकाचा आवाज मुळातच कमी खणखणीत असतो, तेव्हा त्याची तुलना त्याच प्रकारच्या दुसऱ्या चाकाशी करावी. ओलसर चाकाची परीक्षा खरी उतरत नाही. बद्द वाजलेले चाक हातोडीने फोडूनच टाकावे. कोपऱ्यात ठेवले तर कोणीतरी ते पुन्हा बसवितो.

चाक बसविताना ते दांड्यावर सहज सरकले पाहिजे. ठोकून बसवू नये किंवा भोक कोरून मोठे करू नये. दोन्ही बाजूंच्या लोखंडी चकत्या सारख्या व्यासाच्या आणि चाकाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश असाव्यात. चाक व चकती यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चकती हवीच. ती नसली तर लोखंड एखाद्या उंचवट्यावर चाकाला दाबते आणि तेथून तडा जातो. नट पुरेसा आवळावा, पान्याला नळी लावून लोंबकळू नये. डाव्या टोकाचा नट उलट्या आट्याचा असतो. हे माहीत नसल्याने तो सोडविण्याऐवजी आवळत राहिलेली माणसे पुष्कळ आहेत.

नवे चाक बसविल्यावर झाकण लावून, स्वतः बाजूला उभे राहून यंत्र एक मिनिट पूर्ण वेगाने रिकामे चालवावे. रोज पहिल्यांदा यंत्र सुरू करतानाही चाकाच्या समोर उभे राहू नये. चाक फुटायचे असेल तर बहुधा सुरुवातीच्या वेगात किंवा थंड चाकावर एकदम दाब पडला असता फुटते.

वीज गेली, वीज आली

हा भाग यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत सहसा नसतो, पण आपल्याकडे तोच जास्त घातक आहे. भारनियमनाने किंवा बिघाडाने वीज जाते. माणूस बटण बंद न करता चहाला जातो. वीज येते आणि ग्राइंडर आपोआप सुरू होतो. त्या वेळी एखादा पोरगा चाकाजवळ हात घालून बसलेला असू शकतो. म्हणून ग्राइंडरला असा स्टार्टर असावा की वीज गेली की तो सुटेल व हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागणार नाही. विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये ही सोय असतेच. परंतु रात्री वीज येताच पंप सुरू व्हावा म्हणून आपण त्याला ‘ऑटो’ जोडतो. पंपाला ती सोय एक वेळ चालेल. ग्राइंडर, कडबा कुट्टी व मळणी यंत्र यांना ‘ऑटो’ कधीही जोडू नये. जुन्या पंपाचा स्टार्टर ग्राइंडरला बसविला असेल तर त्यात ऑटो शिल्लक नाही ना, हे आधी पाहावे.

थ्री फेजच्या ग्राइंडरची आणखी एक गोष्ट. लाइनवर दुरुस्ती झाली की कधी कधी फेज अदलाबदल होतात आणि पंप उलटा फिरून पाणी कमी फेकतो, हा अनुभव आपल्याला आहे. ग्राइंडरही तसाच उलटा फिरतो. सुलट फिरताना चाकाची पुढची कड वरून खाली येते व ठिणग्या खाली पडतात. उलट फिरले की ठिणग्या व तुकडे तोंडाकडे येतात, आणि चाकाचे नट आवळण्याऐवजी सैल होऊ लागतात. म्हणून दुरुस्तीनंतर प्रथम क्षणभर बटण दाबून दिशा पाहावी. चाकाच्या झाकणावर रंगाने बाण काढून ठेवला तर कोणालाही कळते.

यंत्राला पक्के अर्थिंग असावे आणि जोडणीत ३० मिलिअॅम्पिअरचा गळती रोधक स्विच असावा. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर, अनवाणी, उघड्या सांध्याच्या वायरने हातग्राइंडर चालविणे म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणे होय.

प्रत्यक्ष धार लावताना

चाकासमोरची आधारपट्टी, जिला कारागीर टूल रेस्ट म्हणतात, ती चाकापासून ३ मि.मी. पेक्षा दूर नसावी. आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी जास्त एवढीच फट. चाक झिजत जाते तशी फट वाढते. फट मोठी झाली की पात्याचे टोक खाली ओढले जाते, पाते चाक व पट्टी यांत अडकते आणि मग चाक फुटते किंवा बोट जाते. पट्टी पुढे सरकवायची ती यंत्र पूर्ण थांबल्यावरच. झाकणाच्या वरच्या तोंडाशी असलेली पट्टी चाकापासून ६ मि.मी. च्या आत हवी. त्या फटीतून पेन्सिल आत जात असेल तर फट जास्त आहे असे समजावे.

धोतर, उपरणे, लोंबते टॉवेल, सैल बाही, हातातील कडे व गळ्यातील साखळी ही सर्व यंत्रापासून दूर ठेवावी. पाती घेऊन येणाऱ्या स्त्रियांनी पदर व वेणी घट्ट खोचून बसावे. कपडे सुती असावेत, नायलॉनच्या कपड्यावर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटते. टेबलाच्या ग्राइंडरवर हातमोजे घालू नयेत. हातमोजा चाकात सापडला तर तो हाताला सोबत घेऊन जातो. डोळ्यांवर बाजूने बंद असणारा चष्मा हवा. वाचनाचा चष्मा किंवा उन्हाचा काळा चष्मा यांचा येथे उपयोग नाही. गटाने असे दोन चष्मे घ्यावेत, एक काम करणाऱ्याला आणि दुसरा पाते धरायला किंवा पाहायला उभा असलेल्याला. पाहणाऱ्याच्या डोळ्यात कण गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. चष्मे दोरीने यंत्रालाच बांधून ठेवले तर घरी जात नाहीत.

पाते चाकाच्या कडेवरच लावावे. चाकाच्या सपाट बाजूवर दाबून घासू नये, साधे चाक आडव्या जोरासाठी बनविलेले नसते. एकाच जागी घासल्यास चाकाला खळगा पडतो, म्हणून पाते डावीकडून उजवीकडे सतत सरकवावे. अॅल्युमिनियम, पितळ, लाकूड किंवा प्लास्टिक या चाकावर घासू नये. मऊ पदार्थ दाण्यांमधील जागेत भरून बसतो, चाक कापेनासे होते, माणूस जास्त जोर लावतो आणि चाक तापून तडकते. चाक चकचकीत दिसू लागले किंवा थरथरू लागले तर ते ड्रेसरने साफ व गोल करून घ्यावे.

पात्याच्या कोनाविषयी वेगळा आकडा सांगण्याची गरज नाही. नव्या पात्याचा जो उतार होता तोच ठेवावा. त्यासाठी नवे पाते घेतल्यावर पत्र्याचा साचा कापून ठेवावा. बारीक धार जास्त कापेल म्हणून उतार लांब केला तर पहिल्या जाड धांड्याला धार दुमडते. धार लावताना पाते तापू देऊ नये. पोलादाला पिवळसर गवती रंग येऊ लागला म्हणजे उष्णता २२० अंशांच्या आसपास गेली, निळा रंग आला म्हणजे सुमारे ३०० अंश. निळ्या झालेल्या जागेचे पाणी उतरते, म्हणजे तेथील पोलाद मऊ पडते व ती धार आठवडाभरही टिकत नाही. हलका हात ठेवावा, जवळ पाण्याची बादली ठेवावी आणि पाते हाताला सोसेनासे होण्याआधीच पाण्यात बुडवावे.

हातग्राइंडर

वेल्डिंगच्या दुकानात सर्वांत जास्त दुखापती या लहान यंत्राने होतात असे आमचे मत आहे, कारण त्याला कोणी यंत्र समजतच नाही. १०० मि.मी. चकतीचा हातग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. १८० मि.मी. च्या चकतीची मर्यादा सुमारे ८,५०० फेऱ्यांची असते. झाकण काढून लहान यंत्रावर मोठी चकती लावण्याची जी युक्ती सर्रास दिसते, तिच्यात चकतीची कड सेकंदाला १०० मीटरपेक्षा जास्त वेगाने धावते. चकतीला ८० मीटरची मर्यादा असते. झाकण काढावे लागते आहे, म्हणजेच ती चकती त्या यंत्राची नव्हे. कापण्याच्या पातळ चकतीने घासू नये. राळेच्या चकत्यांना दमट हवेने कमजोरी येते. बऱ्याच चकत्यांच्या मधल्या कड्यावर वापराची अंतिम मुदत छापलेली असते, ती पाहावी. विळा किंवा पाते पायाखाली दाबून त्यावर हातग्राइंडर चालवू नये, शिकंजात धरावे.

सरफेस ग्राइंडर

पात्याला मोठे खाच पडले असतील, किंवा पाते बाकदार होऊन स्थिर पट्टीवर सरळ बसत नसेल, तर साध्या ग्राइंडरवर ते सरळ होत नाही. ते काम सरफेस ग्राइंडरवर करतात. लातूरसारख्या शहरातील औद्योगिक वसाहतीत हे काम होऊ शकते. एखाद्या उत्पादक कंपनीने जुना सरफेस ग्राइंडर आपल्या शेडमध्ये आणला, तर मात्र तो टेबलाच्या ग्राइंडरसारखा सर्वांना खुला ठेवू नये. शिकलेल्या एक-दोघांनीच तो चालवावा.

या यंत्रात काम हाताने धरायचे नसते. पाते चुंबकाच्या टेबलावर ठेवून चुंबक लावतात, टेबल मागेपुढे सरकते आणि वरून फिरणारे चाक अगदी पातळ थर काढते. येथे धोका निराळा आहे. चुंबकाची पकड सुटली तर पाते भाल्यासारखे बाहेर फेकले जाते. म्हणून चुंबक लावल्यावर पाते हाताने जोर लावून हलवून पाहावे. गंज, तेल, बुरा असेल तर पकड बसत नाही, तेव्हा टेबल व पात्याची खालची बाजू पुसून घ्यावी. बाकदार पाते टेबलाला दोन-तीन जागीच टेकते, त्याखाली पातळ पत्रे घालून आधार द्यावा आणि पात्याच्या पुढे-मागे त्यापेक्षा थोडे कमी उंचीचे लोखंडी ठोकळे चुंबकावर टेकवून ठेवावेत. उतार घासण्यासाठी पाते तिरपे ठेवायचे असेल तर केवळ चुंबकावर विसंबू नये. पात्याला बोल्टची भोके असतातच, त्यांनी ते तिरप्या साच्यावर कसावे व साचा टेबलावर पक्का करावा.

चुंबक दोन प्रकारचे मिळतात. एक विजेवर चालतो, दुसरा कायम चुंबकाचा, जो दांडा फिरवून लावतात. विजेच्या चुंबकाची वीज गेली की पकड जाते, पण चाक मात्र बराच वेळ फिरत राहते. आपल्या भागातील विजेचा भरवसा पाहता दांड्याचा चुंबक घेणेच शहाणपणाचे आहे.

चाक पात्याला लावताना ते पात्याच्या सर्वांत उंच जागेपासून सुरू करावे. ही जागा अंदाजाने धरू नये. चाक बंद ठेवून हाताने टेबल सरकवून ती शोधावी, मग चाक जरा वर घेऊन सुरू करावे. एका फेरीत एक ते दोन शतांश मि.मी. इतकेच उतरावे. वहीच्या कागदाची जाडी सुमारे दहा शतांश असते, त्यावरून कल्पना येईल. घाई करून जास्त उतरविले तर पाते सुटते किंवा चाक फुटते. टेबलाच्या दोन्ही टोकांचे अडथळे नीट लावावेत. ठिणग्या ज्या बाजूला जातात त्या बाजूला व चाकाच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. मोजमाप घेण्यासाठी, फडक्याने पुसण्यासाठी चाक फिरत असताना हात आत घालू नये. पाणी सोडून काम केले असेल तर आधी पाणी बंद करून चाक थोडा वेळ कोरडे फिरवावे. तसे न केल्यास पाणी चाकाच्या खालच्या अंगात मुरते आणि दुसऱ्या दिवशी चाक एका बाजूला जड होऊन हादरते. पाते काढण्याआधी चाक पूर्ण थांबू द्यावे, मगच चुंबक सोडावा.

ठिणगी आणि कडबा

ग्राइंडरची ठिणगी विझल्यासारखी दिसली तरी कडब्याच्या भुशात ती धुमसत राहते. उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीजवळ, सोयाबीनच्या भुसकटाजवळ किंवा डिझेलच्या डब्याजवळ ग्राइंडर चालवू नये. काम संपल्यावर अर्ध्या तासाने एकदा जागा पाहून यावी. वाळूची बादली शेडमध्ये भरलेली असावी.

इजा झाल्यास

डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. उपरण्याच्या टोकाने, काडीने किंवा जिभेने कण काढण्याचे प्रकार बंद करावेत. लोखंडाचा कण डोळ्याच्या बुबुळावर एक-दोन दिवस राहिला तर त्याभोवती गंज चढतो व जखम वाढते, तेव्हा त्याच दिवशी उदगीर किंवा लातूरला नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कण जोराने आत घुसला असेल, डोळ्यातून रक्त किंवा पाणी येत असेल, एकाएकी कमी दिसू लागले असेल, तर डोळा धुवू नये व दाबू नये. डोळ्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने त्यावर कागदी पेला किंवा लहान वाटी उपडी ठेवून पट्टीने बांधावी आणि तडक दवाखाना गाठावा. दुखत नाही म्हणून वाट पाहू नये. आत घुसलेला लहान कण कधी कधी फारसा दुखत नाही.

बोट कापले तर स्वच्छ फडक्याने दाबून हात वर धरावा. बोट तुटलेच तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फावर ठेवून जखमीबरोबर न्यावी. बोट थेट बर्फाला लागू देऊ नये. धनुर्वाताची लस घ्यावी. हळद, ग्रीस, ऑइल जखमेत भरू नये.

पाते परत बसविताना

धार लावून आणलेली दोन्ही पाती स्वयंपाकघरातील तराजूत तोलून पाहावीत. एक पाते हलके झाले असेल तर चाक एकांगी फिरते, बेअरिंग लवकर जाते आणि बोल्ट सैल होतात. म्हणून धार लावताना दोन्ही पाती बरोबरच द्यावीत. पाती बसविण्याआधी यंत्राची मुख्य वीज बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावा. बोल्ट नवे व मूळ जातीचेच घ्यावेत, हलका साधा बोल्ट तुटला तर पाते सुटते. फिरते पाते व स्थिर पट्टी यांत कागद सहज जाईल पण पाते पट्टीला घासणार नाही, इतके अंतर ठेवावे. चाक हाताने, लाकडी दांड्याच्या आधाराने, पूर्ण दोन-तीन फेरे फिरवून कोठे घासते का ते ऐकावे. झाकण लावावे. मगच फ्यूज बसवून यंत्र दोन मिनिटे रिकामे चालवावे, बंद करून बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत आणि त्यानंतर पहिली पेंढी लावावी.